खरवडलेलं लेबल

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, मी कुकर लावत होते आणि बेल वाजली. दारात शेजारचे आजोबा. हातात पुडकं. गेली बारा-तेरा वर्षं दर हिवाळ्यात एकदा तरी हा प्रसंग घडतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या पश्चिमेला आमचं उपनगर आहे, तिथल्या आमच्या गल्लीत मासे खाणारं आणि मुख्य म्हणजे मासे ओळखणारं दुसरं घर नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यामुळे त्यांनी तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून पकडलेल्या वॉलआय माशाचे दोन-तीन तुकडे, काटे काढून, पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून आमच्याकडे येतात. वर्तमानपत्रावर काळ्या मार्करने तारीख. आत शिरत नाहीत, बूट ओले असतात. 'खाऊन सांग,' एवढंच म्हणतात. (इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्यांचं बोलणं मला कायम 'तू'मध्येच ऐकू येतं.)

त्या दिवशी वर्तमानपत्र होतं, तारीख नव्हती. ओट्यावर पुडकं उघडलं तर आत कारखान्यात हवा काढून बंद केलेली गुळगुळीत पिशवी. एका कोपऱ्यात चौकोनी खरखरीत डाग. लेबल नखाने खरवडून काढलेलं. बरंचसं निघालं होतं, डिंक तेवढा बोटाला लागत होता. खालची एक ओळ मात्र अर्धीमुर्धी शिल्लक राहिली होती: 'प्रॉडक्ट ऑफ कॅ'.

मी ते तुकडे हळद, मीठ, लिंबू लावून रव्यात घोळवून तळले. छान झाले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना ते भेटले तेव्हा म्हटलं, नेहमीसारखेच होते. ते 'गुड, गुड' म्हणाले आणि लगबगीने आत गेले.

कुणी मुद्दाम फसवलं तर राग तरी येतो. इथे ऐंशीला टेकलेला एक माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर सरकवून, अंगठ्याच्या नखाने लेबल खरवडतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. शिवाय वॉलआय हा या राज्याचा अधिकृत मासा, १९६५ पासून. इथे हॉटेलात ताटात येतो तो बहुतेक कॅनडातून आलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आपल्याकडे देवगड म्हणून कुठलाही हापूस खपतो, त्यातलाच प्रकार. पण आजोबांच्या पुडक्याची गोष्ट निराळी होती. त्यांच्या माशाला तळ्याचं नाव असायचं, कधीकधी भोकाची जागासुद्धा. 'त्या वाकड्या पाइनच्या समोर, बावीस फुटांवर लागला.'

तो हिवाळा ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. ख्रिसमसला पाऊस पडला. बर्फ नव्हे, पाऊस. रोषणाईच्या माळांवरून पाणी ठिबकत होतं. मिनेसोटात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो सगळ्यांत उबदार हिवाळा ठरला. त्याच्या आदल्या वर्षी नव्वद इंच बर्फ पडला होता, शहराच्या इतिहासातला तिसऱ्या क्रमांकाचा. आम्ही पाठी मोडेस्तोवर फावडी मारली होती. आणि आता जानेवारीत गवत दिसत होतं. पिवळं, मेलेलं, पण गवत. खरं सांगायचं तर मी खूश होते. गाडीची काच खरवडायची नाही, मुलीला पाच थरांत गुंडाळायचं नाही, दुपारी साधं जाकीट घालून चालायला जायचं. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'या वर्षी देव पावला!' त्यावर सव्वीस अंगठे. त्यातला एक माझा.

आणि रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला आजोबांचं खोपटं दिसायचं.

त्याला ते फिश हाउस म्हणतात. आमच्या लेकीने लहानपणी आजोबांचं नाव बर्फआजोबा ठेवलं होतं, म्हणून आमच्यात ते 'बर्फआजोबांचं घर'. प्लायवुडचं, हिरव्या रंगाचं, मोठ्या कपाटाएवढं, चाकांवर बसवलेलं. आत दोन बाकडी, गॅसचा हीटर, भिंतीला खुंट्या, आणि जमिनीत झाकणं असलेली चार भोकं. डिसेंबर संपता संपता ते गाडीला जोडून तळ्यावर जायचं आणि मार्चच्या पहिल्या सोमवारच्या आत परत यायचं, कारण राज्याच्या आमच्या भागात ती शेवटची तारीख. त्यानंतर बर्फावर काही ठेवलेलं सापडलं तर दंड. म्हणजे वर्षातले दोन-सव्वादोन महिने त्यांच्या अंगणात ती जागा रिकामी असायची आणि तिथे एक चौकोन तेवढा बर्फाविना राहायचा. त्या वर्षी खोपटं हललंच नाही. डिसेंबरात त्यांनी चाकांत हवा भरली. जानेवारीत हीटर पेटवून बघितला, खोपट्याच्या खिडकीतून पिवळा उजेड दिसला. नंतर एकदा तर ते नुसतेच आत जाऊन बसले होते, अंगणात, दार लावून. मी पडदा ओढून घेतला.

इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात तळ्यावर ट्रक उभे दिसले तेव्हा मला ही माणसं ठार वेडी वाटली होती. ट्रकच नव्हे, गाव वसलेलं. खोपट्यांच्या रांगा, मधून रस्ते, चुलाण्यांचा धूर, कुणाचं कुत्रं धावतंय. पुढच्या वर्षी आजोबा म्हणाले, चला. उणे अठरा सेल्सिअस होतं. नाकातले केस गोठतात म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. त्यांनी ऑगर लावला, म्हणजे पुरुषभर उंचीचं गिरमिट, आणि तो खाली जायला लागल्यावर भोकाभोवती किसलेल्या खोबऱ्यासारखा ढीग साठला. मग एकदम पाणी उसळलं, काळंभोर. त्यावर तरंगणारा चुरा काढायला त्यांनी जे हत्यार काढलं ते पाहून मी मोठ्याने हसले, कारण तो झारा होता. जिलबीचा झारा. तोच आकार, तीच भोकं, फक्त दांडा लांब. मी त्यांना जिलबी म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, बर्फात तळतात का?

खोपट्यात ओल्या लोकरीचा, गॅसचा आणि जिवंत आमिषाच्या बादलीचा मिळून एक वास असतो. कुबट, पण वाईट नाही. गळ सोडायचा आणि बसायचं. दोन गळ प्रत्येकी, जास्त नाही, कायदा आहे. बोलणं मिनिटाला एक वाक्य. आणि मग बर्फ बोलला. ते ऐकल्याशिवाय कळत नाही. आधी दूरवर तार ताणून सोडल्यासारखा आवाज, तो सरसरत आमच्या पायांखालून गेला आणि पलीकडे कुठेतरी मोठं पिंप गडगडावं तसा धडाड्. मी बाकड्यावर पाय वर घेतले. आजोबा शांत. म्हणाले, वाढतोय. आवाज करतो तो बर्फ भला.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं, पाणी चार अंशाला सगळ्यांत जड. मार्काचं उत्तर, पुढे विसरून जायचं. त्या भोकाशी बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते वाक्य म्हणजे एक अख्खं बिऱ्हाड आहे. जड पाणी तळाशी जातं, थंड पण हलकं पाणी वर राहतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. बर्फ वाढतो तोही खालच्या अंगाने, रात्रीच्या थंडीत, थोडा थोडा. त्यावर लवकर हिमवर्षाव झाला तर उलट पंचाईत. मऊ बर्फ गोधडीसारखं काम करतो, थंडी आत पोचू देत नाही, आणि खालचा थर पातळच राहतो. पारदर्शक, काळसर दिसणारा बर्फ मजबूत; पांढरा, दुधाळ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. माणसाने चालायला निदान चार इंच काळा बर्फ हवा. ट्रकला त्याच्या तिप्पट आणि वर. यातलं बरंचसं सरकारी पत्रकात छापलेलं असतं. पण वाहतं पाणी कुठे आत येतं, झरा कुठे आहे, वाऱ्याच्या अंगाला कुठली बाजू उशिरा धरते, हे पत्रकात नसतं. ते आजोबांच्या बुटांत होतं.

मला हे सगळं परकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण आमचे आजोबा. कुडाळच्या बाजूला आमचं घर, मागे वहाळ. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे वहाळातून वर शेतात चढायचे. चढणीचे मासे. त्यासाठी कॅलेंडर नव्हतं. आजोबा दुपारी पडवीत बसून नुसते हुंगायचे, वहाळाच्या पाण्याचा रंग बघून यायचे आणि जेवताना म्हणायचे, 'आज रातीक चडतले.' की रात्री बत्ती, टोपल्या, कोयते, सगळी वाडी गुडघाभर पाण्यात. सकाळी घराघरात गाबोळी भरलेल्या माशांचं तिखलं, तिरफळाचा वास. अंडी घालायला निघालेले मासे आपण मारतोय, हे कुणाच्या मनातही यायचं नाही. इथे बर्फ वितळल्यावर वॉलआय अंडी घालतो आणि मे महिन्यापर्यंत त्याला हात लावायची बंदी असते. कुडाळच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे मी पहिल्या वर्षी ट्रककडे बघितलं तसंच बघितलं असतं. काकी परवा फोनवर म्हणाली, आता पहिला पाऊस येतो आणि मग पंधरा दिवस गडप होतो, कोण कधी चढणार? मला त्यातलं हवामान किती आणि काकीची तक्रार किती ते सांगता येणार नाही. वहाळावर आता पूलही झालाय आणि वरच्या अंगाला बंधाराही.

बर्फाबद्दल मात्र तक्रारीवर भागवायची गरज नाही, कारण लोकांनी लिहून ठेवलंय. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन शहरात मेंडोटा तळं आहे. ते कधी गोठलं, कधी सुटलं याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत, म्हणजे आपल्याकडे १८५७चं बंड व्हायचं होतं तेव्हापासून. तळं गोठलं हे ठरवायचं कसं, याचा नियम मला फार आवडतो. पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत नेता येते का, ते बघायचं. म्हणतात की बर्ज आणि जुडे हे तिथले दोन तळेशास्त्रज्ञ, त्यांच्या काळापासूनची ही रीत; पलीकडच्या काठावरच्या मित्रांकडे बिअरचं खोकं होडीने पोचवता येतं की नाही, हा खरा निकष. त्या बिअरच्या हिशेबाने तळं पूर्वी सुमारे चार महिने गोठलेलं असायचं, आता तीनच्या आसपास. आणि आमच्या त्या देवपावल्या हिवाळ्यात ते १५ जानेवारीला गोठलं आणि २८ फेब्रुवारीला सुटलं. चव्वेचाळीस दिवस.

जपानात याहून जुनं खातं आहे. सुवा नावाचं तळं गोठलं की रात्रीच्या थंडीने बर्फाला भेग पडते आणि तिथून एक उंच वळी उमटते, या काठापासून त्या काठापर्यंत. देव पलीकडच्या देवीला भेटायला तळं ओलांडून गेला, त्याची ती पाऊलवाट. देवळातले पुजारी १४४३ पासून ती लिहीत आलेत. अलीकडे २०१८ मध्ये वळी उमटली, आणि त्यानंतर लागोपाठ काही हिवाळे पुजारी पहाटे पहाटे काठावर जायचे, पाण्यात थर्मामीटर बुडवायचे आणि वहीत लिहायचे: उघडं पाणी. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. देव कुठे गेला असेल, असलं काही मनात नव्हतं. रोज जाऊन 'नाही' लिहिणारा माणूस मनात होता.

मिनेसोटाची तळी गेल्या पन्नास वर्षांत सरासरी दहा ते चौदा दिवस बर्फ गमावून बसली आहेत, असं इथलं सरकार सांगतं. हा आकडा मी आजोबांना एकदा मोठ्या गंभीरपणे ऐकवला होता. ते म्हणाले, दोन आठवडे ना, मी दोन आठवडे कमी बसेन. खरंच, चौदा दिवस म्हणजे किती? पण सरासरी अशी दर वर्षी सरळ रेषेत उतरत नाही. एक वर्ष नव्वद इंच, दुसऱ्या वर्षी गवत. त्या हिवाळ्यात एल निनोही होता, हे खरं. पण मुळात इथले हिवाळेच उन्हाळ्यांपेक्षा वेगाने तापतायत आणि त्यातही रात्री, म्हणजे नेमकी बर्फ विणायची वेळ. एक तारीख दोन आठवडे पुढे गेली असती तर माणसाने घड्याळ बदललं असतं. इथे घड्याळाचे काटेच सैल झालेत.

आणि सैल काट्यांवर भरवसा ठेवणारी माणसं पाण्यात पडतात. २९ डिसेंबर २०२३ ला उत्तरेच्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून जास्त मासेमार त्यावर बसल्या बसल्या पाण्यात निघाले. मध्ये तीस फुटांचं उघडं पाणी. सगळ्यांना सुखरूप आणलं, पण ते तळं उथळ, राज्यातल्या मोठ्या तळ्यांत सगळ्यांत आधी धरणारं. तिथे जाणारे काही नवखे नसतात. जानेवारीत ब्रेनर्डजवळच्या गल लेकवर हजारो माणसं एकत्र जमून मासे धरतात, ती मोठी स्पर्धा रद्द झाली. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वर्षानुवर्षं तिथे जात. रद्द झाल्याची बातमी त्यांनी मला कुंपणापाशी सांगितली, आणि मग वेगळाच विषय काढावा तसं म्हणाले, 'चाळीस वर्षं मला माहीत होतं कुठे पाय ठेवायचा. आता मला तुझ्याइतकंच कळतं.'

मला बर्फातलं काही म्हणजे काहीच कळत नाही.

या सगळ्यात माशांचं काय, असं मी त्यांना विचारलं होतं. मला वाटलं होतं, निदान मासे तरी वाचले. अर्धं खरं निघालं. उथळ तळ्यांत बर्फ आणि वरचा हिमाचा थर फार दिवस राहिला की खाली उजेड पोचत नाही, पाणवनस्पती प्राणवायू करणं थांबवतात, कुजणं चालूच राहतं, आणि वसंतात बर्फ सुटतो तेव्हा मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. हिवाळा आखूड झाला तर त्या तळ्यांना सुटकाच. पण खोल तळ्यांत टुलिबी नावाचा चंदेरी मासा असतो, थंड पाण्याशिवाय न जगणारा. बर्फ लवकर गेला की उन्हाळा लांबतो, वरचं पाणी तापतं, खालच्या गार पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि टुलिबी मधल्यामध्ये अडकतो. आणि वॉलआय पोसला जातो तो टुलिबीवर. आजोबांना हे माझ्या आधी माहीत होतं. ते म्हणाले, पूर्वी मोठा वॉलआय चिरला की पोटात टुलिबी मिळायचा. पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही, बादली उलटी करून ठेवली.

सव्वीस अंगठ्यांतला माझा एक अंगठा मी अजून काढून घेतलेला नाही. काढून काय होणार, म्हणून नाही. तेव्हा खरंच बरं वाटत होतं म्हणून. दर दीड-दोन वर्षांनी विमानात बसून मी तेरा हजार किलोमीटर लांबच्या वहाळाची चौकशी करायला जाते, हेही आजोबांनी मला कधी ऐकवलेलं नाही. ते उलट विचारतात, पाऊस झाला का तिकडे?

पुढच्या हिवाळ्यात बर्फ धरला. उशिरा, पण नीट. जानेवारीत सलग आठ दिवस असे आले की गाडी सुरू होताना कण्हायची, ग्रुपवर सगळे वैतागले होते, आणि एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर अंगणात बर्फाविना राहिलेला चौकोन. खोपटं गेलं होतं. मला इतका आनंद झाला की चहा उतू गेला. शनिवारी मीही गेले. काठापासून खोपट्यापर्यंत फार तर दोनशे पावलं. पूर्वी आजोबा ती सरळ चालत जायचे, खिशात हात घालून. आता हातात लोखंडी पहार. दर दहा-बारा पावलांना थांबून ती बर्फावर आपटायची, आवाज ऐकायचा, मग पुढे. गळ्यात दोरीला दोन दांडके, टोकाला खिळे. पाण्यात पडलंच तर बर्फाच्या कडेत रुतवून वर यायला. मलाही एक जोड घालायला लावला. मी त्यांच्या पावलांत पाऊल टाकत गेले. मध्येच ते थांबले, तीनदा पहार मारली, आणि एकही शब्द न बोलता डावीकडे वळसा घेतला. मला तो बर्फ अगदी बाकीच्यासारखाच दिसला. मी विचारलं नाही. त्यांना तरी नक्की माहीत होतं की नाही, कोण जाणे.

तीन तासांत तीन पर्च लागले, बोटभर, तिन्ही परत सोडले. त्या दिवशी बर्फ बोलला, दोनदा. मी पाय वर घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात बेल वाजली. ओले बूट, वर्तमानपत्राचं पुडकं. 'खाऊन सांग.' मी थँक यू म्हणत पुडकं हातात घेतलं आणि माझ्याही नकळत ते उलटं करून कोपरा बघितला. तारीख होती, काळ्या मार्करने, चांगली ठसठशीत.

मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.